नाणं चोख, काउंटर कच्चा: २००९ ते २०१४ मधल्या बिटकॉइन सेवांचं परीक्षण

पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवरून आलेले पैसे तक्रार करून परत ओढता येतात. एकदा गेलेलं बिटकॉइन परत येत नाही. पहिल्या पाच वर्षांत बिटकॉइन घ्यायच्या, विकायच्या आणि खर्चायच्या जेवढ्या सेवा निघाल्या, त्यांची खरी कसोटी याच फरकावर लागली. म्हणून इथे प्रत्येक सेवेला एकच प्रश्न विचारलाय: उलटणारे पैसे आणि न उलटणारं नाणं यांची अदलाबदल होताना मधला धोका कोणाच्या गळ्यात पडला?

अडचण पहिल्या व्यवहारापासूनच होती. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यू लिबर्टी स्टँडर्ड या बिटकॉइन विकणाऱ्या सुरुवातीच्या सेवेने नाणी तयार करायला लागणाऱ्या विजेचा खर्च धरून एका डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन असा दर काढला आणि त्याच महिन्यात बिटकॉइनचे सुरुवातीचे प्रोग्रामर मार्टी माल्मी यांनी ५,०५० बिटकॉइन ५.०२ डॉलरला विकले, तेही पेपालवर. पाच डॉलरसाठी कोणी फसवायला जात नाही, त्यामुळे ते निभावलं. मार्च २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘बिटकॉइन मार्केट’ या एक्स्चेंजवरही पेपाल चालायचं. घेणारा नाणी मिळवायचा, मग पेपालकडे तक्रार टाकून पैसे परत घ्यायचा आणि विकणारा दोन्हीकडून बुडायचा. दर वर गेला तसे हे प्रकार वाढले आणि जून २०११ मध्ये तिथे पेपाल बंद करावं लागलं.

माउंट गॉक्स या एक्स्चेंजनेही सुरुवातीला पेपाल घेतलं, पण पुढे बँक ट्रान्स्फरवर येऊन हा धोका टाळला. जेड मॅकेलेब यांनी जुलै २०१० मध्ये ते सुरू केलं, मार्च २०११ मध्ये मार्क कार्पेलेस यांनी विकत घेऊन टोकियोतून चालवलं आणि २०१३ च्या सुरुवातीला जगातले बहुतांश बिटकॉइन सौदे तिथेच होत होते. पद्धत अशी: खातं उघडायचं, ओळखपत्रं पाठवायची, जपानला आंतरराष्ट्रीय वायर करायची, पैसे जमा व्हायची वाट बघायची आणि मग ऑर्डर टाकायची. ऑर्डर-बुक, म्हणजे कोण कोणत्या भावाला घ्यायला-विकायला तयार आहे याची यादी, सगळ्यांना दिसायचं, कमिशन सौद्याच्या अर्धा-पाऊण टक्क्याच्या आत असायचं आणि लॉगिनसाठी युबिकी, म्हणजे संगणकाला लावायची सुरक्षा-किल्ली, वापरता यायची. त्या काळाच्या मानाने वरवर पाहता ही सेवा चांगलीच होती.

पण आतलं यंत्र कच्चं होतं. १९ जून २०११ रोजी एका घुसखोराने ताब्यात घेतलेल्या खात्यातून इतकी नाणी विक्रीला काढली की सतरा डॉलरच्या आसपास असलेला भाव काही मिनिटांत एका सेंटवर आला. सौदे नंतर रद्द झाले. ग्राहकांची नावं, ईमेल आणि हॅश केलेले (सांकेतिक रूपातले) पासवर्ड मात्र बाहेर फुटले ते फुटलेच. एप्रिल २०१३ मध्ये भाव २६६ डॉलरला भिडून कोसळला तेव्हा ऑर्डर इंजिनपर्यंत पोचायलाच कित्येक मिनिटं लागत होती. अशा वेळी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणं म्हणजे किंमत न विचारता सही करणं. पडद्यावर एक भाव दिसायचा, सौदा भलत्याच भावाला व्हायचा. लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव बांधून ऑर्डर, टाकणाऱ्याचं फार तर काम झालं नाही, नुकसान झालं नाही.

माउंट गॉक्सबद्दल सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तिथला भाव वाचायला शिकणं. मे २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीचं ड्वोला या अमेरिकी पेमेंट सेवेमधलं खातं जप्त केलं, जूनमध्ये डॉलर काढणं काही काळ थांबवलं गेलं आणि पुन्हा सुरू झालं तरी पैसे हातात यायला महिने लागू लागले. त्यानंतर तिथला भाव बिटस्टँप या दुसऱ्या एक्स्चेंजपेक्षा सतत वर राहू लागला. कारण सरळ होतं: अडकलेले डॉलर बाहेर काढायचा एकच रस्ता उरला होता, तिथेच बिटकॉइन घ्यायचे आणि नाणी बाहेर पाठवायची. म्हणजे तो चढा भाव मागणीचा नव्हता, बाहेर पडायच्या दाराचं तिकीट होतं. ७ फेब्रुवारी २०१४ ला नाणी काढणंही थांबलं आणि चित्र लगेच उलटलं. तिथला भाव इतर एक्स्चेंजच्या खूप खाली गेला, कारण आता तिथलं ‘बिटकॉइन’ हा फक्त कंपनीच्या वहीतला आकडा होता.

कंपनीने तेव्हा दोष ‘ट्रान्झॅक्शन मॅलिएबिलिटी’वर ढकलला. हा दोष खरा होता: ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीच्या (ब्लॉकचेनच्या) पानावर, जाण्याआधी व्यवहाराचा ओळख-क्रमांक बदलता यायचा, रक्कम आणि घेणारा मात्र तेच राहायचे. जे सॉफ्टवेअर फक्त क्रमांक शोधत बसतं, त्याला वाटणार की पैसे गेलेच नाहीत, आणि ते दुसऱ्यांदा पाठवणार. पण एवढ्याने साडेआठ लाख बिटकॉइनची भोकं पडत नाहीत. तेवढी नाणी गायब असल्याचं २८ फेब्रुवारीला दिवाळखोरीचा अर्ज करताना सांगितलं गेलं. पुढच्या महिन्यात जुन्या वॉलेटमध्ये (नाण्यांच्या डिजिटल पाकिटात) त्यातली दोन लाख सापडली. चोरी सप्टेंबर २०११ पासूनच सुरू होती, असं अमेरिकी सरकारी वकिलांनी पुढे आरोपपत्रात मांडलं. शिल्लक जुळवून बघण्याचं साधं हिशेबी काम वेळीच झालं असतं तर हे इतकी वर्षं झाकलं गेलं नसतं. घेणेकऱ्यांना नाणी परत मिळू लागायला जुलै २०२४ उजाडावा लागला. निकाल: सौदा करायला बरं, ठेवायला अजिबात नाही. नाणी घेतली की त्याच दिवशी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढायला हवी होती.

बिटस्टँप २०११ मध्ये स्लोव्हेनियात सुरू झालं. त्याचा फायदा सेपा. युरोपातली बँक ट्रान्स्फर एक-दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाममात्र खर्चात पोचायची. युरोपातल्या ग्राहकासाठी याहून सोपा रस्ता नव्हता. अमेरिकेत कॉइनबेस २०१२ मध्ये आलं आणि त्याने बँक खात्यातून थेट पैसे ओढायची सोय दिली. भाव खरेदीच्या क्षणी पक्का व्हायचा, नाणी काही दिवसांनी मिळायची. लोक या उशिरावर चिडायचे, पण अमेरिकेतलं एसीएच, म्हणजे तिथल्या बँकांमधलं नेहमीचं, ट्रान्स्फर उलटू शकतं. ते पक्कं होईपर्यंत नाणी हातची न सोडणं हाच शहाणपणा होता.

सगळ्यात नेटकी रचना मात्र लोकलबिटकॉइन्सची. हेल्सिंकीतून २०१२ मध्ये निघालेल्या या सेवेने स्वतः ग्राहकांच्या पैशाला हातच लावला नाही. विकणारा जाहिरात टाकतो, भाव एखाद्या एक्स्चेंजच्या दराला जोडून वर आपला टक्का लावतो. घेणाऱ्याने सौदा उघडला की विकणाऱ्याची तेवढी नाणी एस्क्रोमध्ये, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत साइटच्या ताब्यात, अडकतात. घेणारा ठरलेल्या पद्धतीने पैसे भरतो, ‘पैसे दिले’ अशी खूण करतो, विकणारा आपलं खातं तपासतो आणि नाणी सोडतो. फी एक टक्का, तीही जाहिरात टाकणाऱ्याकडून. भांडण झालं तर साइट निवाडा करायची.

इथे पैशाच्या पद्धतीनुसार भाव बदलायचा आणि तो फरकच धोका सांगायचा. रोख किंवा बँक ट्रान्स्फर तुलनेने स्वस्त, पेपाल महाग. पेपालवर जास्त टक्का लावणारा विकणारा लोभी असेलच असं नाही. तो परत ओढल्या जाणाऱ्या पैशांचा विमा वसूल करत होता. फसवणुकीचा नेहमीचा डाव त्रिकोणी. भामटा कुठेतरी फोन किंवा कॅमेरा विकायची खोटी जाहिरात टाकतो आणि त्यातल्या गिऱ्हाइकाला बिटकॉइन विकणाऱ्याचा बँक खाते क्रमांक देतो. गिऱ्हाईक पैसे भरतं, भामटा नाणी घेऊन पसार होतो, आठवड्याने बँक विकणाऱ्याचं खातं गोठवते. बचाव दोनच आणि दोन्ही पाळायचे: पैसे पाठवणाऱ्याचं नाव सौद्यातल्या ओळखीशी अक्षरशः जुळलं पाहिजे, आणि ट्रान्स्फरच्या शेऱ्यात दुसऱ्या कुठल्या वस्तूचं नाव दिसता कामा नये. ‘पैसे जमा झाले’ असा ईमेल हा पुरावाच नव्हे. बँकेत स्वतः लॉगिन करून बघितल्याशिवाय नाणी सोडायची नाहीत. समोरासमोरचे रोखीचे सौदे साइटने २०१९ मध्ये बंद केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साइटच बंद झाली. तिची सगळ्यात चांगली बाजू त्याआधीच गेली होती.

आता ठेवण्याचं साधन. बिटकॉइन-क्यूटी हे मूळ वॉलेट प्रामाणिक होतं, पण नवख्याला समजावून सांगत नव्हतं. पूर्ण ब्लॉकचेन उतरवावी लागे. २०१३ संपताना ती दहा जीबीच्या वर गेली होती आणि पहिल्यांदा जुळायला साध्या संगणकावर दिवस जात. खरी गोम होती सुट्ट्या पैशांची. तुमच्याकडे ५० बिटकॉइनची एक जमा असेल आणि त्यातले २ द्यायचे असतील, तर व्यवहारात पूर्ण ५० जातात आणि ४८ परत येतात, पण जुन्या पत्त्यावर न येता वॉलेटने गुपचूप बनवलेल्या नव्या पत्त्यावर. हे क्यूटीच्या पडद्यावर कुठे दिसायचं नाही. वॉलेट अशा पत्त्यांच्या १०० चाव्या, म्हणजे त्यांवरची नाणी खर्चायला लागणारे गुप्त आकडे, आधीच तयार करून ठेवायचं. बॅकअप घेतल्यानंतर पत्ते आणि सुट्टे मिळून शंभर चाव्या संपल्या की पुढच्या चाव्या त्या बॅकअपमध्ये नसायच्या. वर्षभरापूर्वीचा बॅकअप घालून वॉलेट उघडल्यावर शिल्लक शून्य दिसते, ती याच कारणाने. पासवर्ड लावला की चाव्यांचा साठा नव्याने बनायचा, म्हणजे आधीचा बॅकअप तिथेच निकामी होत जायचा. पत्ता आणि चावी कागदावर छापून ठेवणाऱ्या कागदी वॉलेटवाल्यांनाही हाच फटका: कागदावरची चावी क्यूटीत घातली, थोडे खर्चले, संगणक पुसला आणि कागद जपून ठेवला. कागदाच्या पत्त्यावर काहीच उरलेलं नसतं. उरलेलं सगळं पुसलेल्या संगणकातल्या सुट्ट्यांच्या पत्त्यावर.

इलेक्ट्रम या वॉलेटने नोव्हेंबर २०११ पासून हा त्रास मुळातून काढला. बारा शब्द लिहून ठेवायचे, त्यांतूनच सगळ्या चाव्या निघतात, सुट्ट्यांच्यासुद्धा. ब्लॉकचेन उतरवायचीही गरज नाही. त्या काळातलं एकच वॉलेट सुचवायचं असेल तर हेच.

व्यवहार पाठवायची फी रकमेवर ठरते, असा एक गैरसमज होता. ठरावीक फी सुरुवातीला ०.०१ बिटकॉइन होती, २०११ च्या मध्यावर ०.०००५ आणि मे २०१३ मध्ये ०.०००१ झाली, पण ती व्यवहाराच्या आकारावर, दर हजार बाइटला. फुकट नाणी देणाऱ्या साइटवरून कण-कण गोळा केलेल्यांना हे महागात पडायचं, कारण प्रत्येक छोट्या जमेमुळे व्यवहारात १५० ते १८० बाइट वाढतात. रक्कम चिमूटभर आणि फी मोठ्या व्यवहाराहून जास्त.

खर्च करण्यात बिटपे या दुकानदारांसाठीच्या पेमेंट सेवेने काम सोपं केलं. २२ मे २०१० ला जॅक्सनव्हिलमध्ये दहा हजार बिटकॉइनला दोन पिझ्झा आले तेव्हा पिझ्झावाल्याला नेहमीचेच पैसे मिळाले होते, बिटकॉइन घेतले ते मधल्या माणसाने. २०११ मध्ये सुरू झालेल्या बिटपेने तो मधला माणूस व्हायचं काम धंदा म्हणून केलं. गिऱ्हाइकाला बिल दिसायचं, भाव पंधरा मिनिटं बांधलेला असायचा, दुकानदाराला साधारण एक टक्का कापून त्याच्या चलनात पैसे मिळायचे. भावाच्या चढ-उताराचा धोका दुकानदारावर नाही, ही यातली मोठी गोष्ट.

कटकट व्हायची ती काठावर. सोळाव्या मिनिटाला पाठवलेले, किंवा एक्स्चेंजने आपली फी कापून थोडे कमी पोचवलेले पैसे बिलात बसायचे नाहीत आणि मग ईमेलवर ईमेल. एक्स्चेंजच्या खात्यातून थेट दुकानाचं बिल भरणं म्हणूनच वाईट सवय. परतावा मागितला तर आणखी गुंता, कारण ज्या पत्त्यावरून नाणी आली तो गिऱ्हाइकाचा नसून एक्स्चेंजचा सामाईक पत्ता असतो आणि तिथे परत पाठवलेलं हरवतं. परताव्यासाठी स्वतःच्या वॉलेटमधला वेगळा पत्ता द्यायचा. आणि परतावा मिळतो तो बिलातल्या डॉलरएवढा, दिलेल्या नाण्यांएवढा नव्हे; हे आधी वाचून घेतलेलं बरं.

किती कन्फर्मेशनसाठी, म्हणजे व्यवहारावर किती ब्लॉक चढेपर्यंत, थांबायचं, याचं उत्तर मालावर अवलंबून. ब्लॉग चालवायची सेवा देणाऱ्या वर्डप्रेसने नोव्हेंबर २०१२ मध्ये बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाइकाला कन्फर्मेशनसाठी थांबवलं नाही. ते बरोबरच होतं; पैसे आले नाहीत तर सेवा परत काढून घेता येते. पाठवून दिलेली वस्तू परत काढता येत नाही, तिथे सहा ब्लॉक, म्हणजे सरासरी तासभर.

त्या काळातली वॉलेट डॉट डॅट, म्हणजे क्यूटीच्या चाव्या ठेवणारी, फाइल आज जुन्या डिस्कवर सापडली, तर मूळ फाइल उघडू नका. आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. बिटकॉइन कोअरच्या (क्यूटीचंच आजचं नाव) ताज्या आवृत्तीत हा जुना प्रकार थेट उघडत नाही, त्याचं आधी मायग्रेशन, म्हणजे नव्या प्रकारात रूपांतर, करावं लागतं. त्याच डिस्कवर वेगवेगळ्या तारखांचे बॅकअप असतील तर सगळे तपासा, कारण शंभर चाव्यांच्या हिशेबात सुट्टे कुठल्या प्रतीत असतील हे वरून सांगता येत नाही. फाइल ‘तपासून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर ती चढवू नका.