गुप्ततेच्या नावाखाली उकळलेली देणगी

पारलिंगी आणि क्रॉसड्रेसर (म्हणजे दुसऱ्या लिंगाचा मानला जाणारा पोशाख आवडीने घालणाऱ्या) व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणगी देणारे बरेच जण आपले नाव पुढे येऊ देत नाहीत. मी स्वतः क्रॉसड्रेसर आहे आणि घरात ही गोष्ट फक्त माझ्या पत्नीला ठाऊक आहे. ज्यांनी मला फसवले त्यांना माझ्या पैशांपेक्षाही ही माहिती अधिक मोलाची वाटली, म्हणूनच हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

दरवर्षी २० नोव्हेंबरला जगभर ट्रान्सजेंडर स्मृतिदिन पाळला जातो. रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी महिलेचा १९९८ साली अमेरिकेत खून झाला आणि पुढच्या वर्षी ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांच्या पुढाकाराने या स्मरणाची प्रथा सुरू झाली. या दिवसाच्या सुमारास मदतीची आवाहने वाढतात आणि त्यांतच मला आलेला तो संदेश होता. त्यात हा सारा इतिहास बिनचूक दिलेला होता. घरातून हाकलून दिलेल्या पारलिंगी मुलांसाठी आपण एक निवारागृह चालवतो, त्याचे भाडे थकले आहे आणि महिनाअखेर जागा रिकामी करावी लागेल, असे संदेश पाठवणाऱ्या संस्थेचे म्हणणे होते. सोबतच्या छायाचित्रात दुमजली पलंगांची रांग होती आणि एका पलंगाच्या कठड्याला निळ्या, गुलाबी व पांढऱ्या पट्ट्यांचा पारलिंगी समाजाचा झेंडा बांधलेला होता. छायाचित्राची उजवी कड घाईने कापलेली होती. भिंतीवरच्या फलकाचे एक अर्धवट अक्षर तेवढे तिथे शिल्लक राहिले होते.

मी पावतीबद्दल विचारले, तेव्हा उत्तर आले की देणगीदारांची ओळख जपायची असल्यामुळे आम्ही पावती देत नाही. बँक खाते एका व्यक्तीच्या नावावर का, असे विचारल्यावर सांगण्यात आले की संस्थेचे नाव तुमच्या खात्याच्या विवरणात उमटले तर घरच्यांना कळेल, म्हणून आम्ही मुद्दाम कार्यकर्त्याचे खाते वापरतो. निवारागृहाचा पत्ता मुलांच्या सुरक्षिततेसाठी देता येत नव्हता आणि हिशेब दाखवता येत नव्हते, कारण त्यात म्हणे सर्वांची नावे होती. प्रत्येक शंकेचे उत्तर माझ्याविषयीच्या काळजीतून आल्यासारखे वाटावे अशी ही रचना होती आणि त्यातला काही भाग खराही होता. खरी निवारागृहेसुद्धा आपला पत्ता जाहीर करत नाहीत. मात्र जमाखर्चाचा लेखापरीक्षण अहवाल कोणाही लाभार्थ्याचे किंवा देणगीदाराचे नाव न छापता प्रसिद्ध करता येतो आणि प्रामाणिक संस्था तो करतातच. संस्थेने आश्रयाला आलेल्यांची नावे झाकावीत, देणगीदारांचीही झाकावीत. स्वतःचे विश्वस्त आणि स्वतःचा हिशेब झाकण्याचा अधिकार तिला त्यातून मिळत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे भासवण्यावरच ही सारी फसवणूक उभी होती.

काही हप्ते दिल्यानंतर मला ‘सदस्य’ करून घेण्यात आले. इतरांना धीर यावा म्हणून आपला अनुभव लिहून पाठवा आणि आवडीच्या पोशाखातला एखादा फोटो जोडा, तो फक्त सदस्यांमध्येच राहील, अशी विनंती आली. पुढे मी देणगी थांबवतो असे कळवताच भाषा बदलली. ‘तुमचा फोटो चुकून तुमच्या कार्यालयात पोहोचला तर आम्हालाच वाईट वाटेल’ हे वाक्य मी जसेच्या तसे देत आहे, कारण अशी धमकी बहुधा याच मवाळ सुरात येते.

क्रॉसड्रेसर व्यक्तींना एकत्र आणणाऱ्या अमेरिकेतील कार्यकर्त्या व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्रॉसड्रेसर पुरुषांची एक गुप्त बैठक भरवली होती. प्रत्येकाने स्त्रियांचे लांब मोजे आणि उंच टाचांचे बूट लपवून आणायचे आणि सर्वांनी ते एकाच वेळी घालायचे, अशी अट होती. कोणी कोणाची चहाडी करायची ठरवली, तर तोही इतरांइतकाच उघडा पडला असता. ब्रिटनमधील बोमाँट सोसायटी १९६६ साली याच चळवळीतून उभी राहिली आणि क्रॉसड्रेसर व्यक्तींना आधार देण्याचे काम आजवर करत आली आहे. गुप्तता आपल्या समाजाला नवी नाही, पण ती दोन्ही बाजूंनी पाळली जात असे. माझ्याशी बोलणाऱ्यांनी माझे नाव, काम, फोटो सारे मिळवले आणि स्वतःबद्दल पडताळता येईल असे काहीच दिले नाही. कोणत्याही गटाशी व्यवहार करताना मी आता सर्वांत आधी हाच असमतोल शोधतो.

त्यांनी दिलेला नोंदणी क्रमांक खरा होता, मात्र तो प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका वेगळ्याच न्यासाचा निघाला. इंग्लंड व वेल्समधील चॅरिटी कमिशनची धर्मादाय संस्थांची नोंदवही, अमेरिकेतील अशा संस्थांना भरावे लागणारे वार्षिक विवरणपत्र म्हणजे फॉर्म ९९०, भारतातील स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचे सरकारी एनजीओ दर्पण पोर्टल, अशा नोंदी कोणालाही पाहता येतात; क्रमांकाबरोबर नाव, कामाचे क्षेत्र आणि बँक खातेधारक हेही जुळवून पाहावे. छायाचित्राचा उलट शोध (तेच चित्र इंटरनेटवर आणखी कुठे आहे याचा शोध) घेतल्यावर ते दुसऱ्या देशातील एका खऱ्या निवारागृहाच्या जुन्या अहवालात सापडले आणि फलकावरचे संपूर्ण नाव तिथे स्पष्ट वाचता येत होते.

नोंदणी नाही म्हणून प्रत्येक लहान गटाला खोटे ठरवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कित्येक ठिकाणी कायदाच विरोधात असल्यामुळे अशा गटांना नोंदणी मिळत नाही किंवा ती मागणेच धोक्याचे असते. अशांना मदत करायची असेल तर एखाद्या नोंदणीकृत, जुन्या संस्थेमार्फत पैसे द्यावेत. त्यांच्या वतीने निधी स्वीकारून तो पुढे पोहोचवणाऱ्या संस्था असतात. आपला खरा फोटो आणि आयुष्याची हकिगत मात्र देणगीची अट म्हणून कोणालाही देऊ नये.

धमकी आल्यावर मी पैसे दिले नाहीत, कारण एकदा दिले की मागणी वाढत जाते. सर्व संदेशांचे स्क्रीनशॉट, खाते क्रमांक आणि व्यवहारांच्या तारखा एकत्र करून पत्नीसह पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली, बँकेला लेखी कळवले आणि ज्यांचे छायाचित्र चोरले होते त्या संस्थेलाही पत्र पाठवले. त्यांच्याकडे याच आवाहनाबद्दल इतरांनीही विचारणा केली होती. माझे पैसे अद्याप परत आलेले नाहीत. ओळख उघड होईल या भीतीने ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तक्रारीत फसवणुकीचा व्यवहार आणि धमकी नोंदवायची असते; आपण कोणता पोशाख घालतो याचा खुलासा पैशांच्या तक्रारीसाठी द्यावा लागत नाही. एकाच खात्याविरुद्ध अनेकांच्या तक्रारी पोहोचल्या, तर ते गोठवण्यासाठी बँकेकडे आणि पोलिसांकडे भक्कम आधार तयार होतो.