लिनक्सवर डीव्हीडी तपासायची तर क्यूपीएक्सटूल, पण आधी ड्राइव्ह बघा

के3बी या डिस्क राइट करायच्या प्रोग्राममध्ये डिस्क राइट झाली आणि ‘व्हेरिफाय’ पास झालं, तरी त्याचा अर्थ एवढाच की ती आज, त्याच ड्राइव्हमध्ये वाचता आली. किती चुका दुरुस्त करत वाचली, हे त्यातून कळत नाही. इंदूरच्या मराठी घरांत मुंजी-लग्नांच्या, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या डीव्हीडी कपाटात पडून आहेत. मे महिन्यातला चाळीसच्या वरचा उन्हाळा आणि मागोमाग येणारी दमट हवा त्या वर्षानुवर्षं सोसतायत. यातली कुठली डिस्क आधी कॉपी करायची, हे ठरवायला क्यूपीएक्सटूल हा डिस्कवरच्या चुकांचे आकडे दाखवणारा प्रोग्राम फार कामाचं साधन आहे. मोफत आहे आणि लिनक्सवर त्याच्या तोडीचं दुसरं साधन नाही.

सगळं अडतं ते ड्राइव्हपाशी. चुका मोजतो तो ड्राइव्हच. सॉफ्टवेअर फक्त आकडे विचारतं. जुने प्लेक्स्टर, बेनक्यू, एनईसी आणि मीडियाटेक चिपचे लाइटऑन ड्राइव्ह हे आकडे देतात. हल्लीचे बरेच ड्राइव्ह देत नाहीत, मग प्रोग्राममध्ये त्या चाचणीची खूणच करता येत नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर जुना ड्राइव्ह शोधायला निघालात, तर वरच्या लेबलवरचं मॉडेल वाचून घ्या. सव्वापाच इंची साटा (डेस्कटॉपच्या मदरबोर्डला केबलने जोडायच्या) ड्राइव्हला 12 व्होल्टही लागतात. लॅपटॉपच्या हार्डडिस्कसाठी मिळणारी यूएसबी केबल 5 व्होल्टच देते, तिच्यावर तो फिरणार नाही. आणि यूएसबीच्या काही चिप तपासणीच्या कमांड पुढे जाऊच देत नाहीत. डेस्कटॉपला थेट साटावर जोडणं उत्तम.

डेबियन किंवा उबुंटूवर वापरणाऱ्याचं नाव ‘सीडीरॉम’ ग्रुपमध्ये हवं. डिस्क घातल्यावर फाइल मॅनेजर ती आपोआप माउंट करतो, म्हणजे वाचायला उघडतो; ती आधी अनमाउंट करा. मधेच कुणी फोल्डर उघडलं की आलेखात उंच काटे दिसतात आणि बिचारी डिस्क बदनाम होते. मग डिव्हाइस निवडा, मीडियाची माहिती बघा. डब्यावर छापलेल्या ब्रँडपेक्षा इथला कोड खरा. ‘एमबीआय’ने सुरुवात होत असेल तर डिस्क मोझर बेअरची, त्या कंपनीच्या अवसायनाचा आदेश 2018 मध्ये निघाला. आता एरर करेक्शनची चाचणी निवडा, वेग 4 पट ठेवा. भरलेल्या 4.7 जीबीच्या डिस्कला सुमारे 14 मिनिटं लागतात.

आकडे वाचायचे ते असे. डीव्हीडीवर 32 केबी डेटाचा एक ईसीसी (चूक-दुरुस्तीचा) ब्लॉक असतो, त्यात 208 ओळी. ओळीत एक जरी बाइट चुकली तरी तो पीआय एरर. ओळीच्या आपल्या दुरुस्तीला पाच बाइटपर्यंत झेपतं. त्यापलीकडे बिघडलेली ओळ म्हणजे पीआय फेल्युअर, थोडक्यात पीआयएफ. सलग 8 ब्लॉकमध्ये पीआय 280 पर्यंत आणि एका ब्लॉकमध्ये पीआयएफ 4 पर्यंत, ही मान्य मर्यादा. काही ड्राइव्ह पीआयएफसुद्धा 8 ब्लॉकचे मिळून सांगतात, त्यांना 4चा निकष लावू नका. पीओएफ, म्हणजे ब्लॉकची पुढची दुरुस्तीही फसल्याची नोंद, मात्र शून्यच हवा: तिथे डेटा गेलेला असतो. सीडीसाठी सी1 (पहिल्या टप्प्यावरच्या चुका) सेकंदाला सरासरी 220च्या आत हवा, आणि सी2 (त्या टप्प्यात न सुधारलेल्या चुका) दिसायलाच नको.

सरासरीपेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. आतल्या भागात पीआय वीस-तीसवर शांत चाललेला आणि 4 जीबीच्या पुढे एकदम चढलेला, असं चित्र दिसलं की डिस्क काढून उलटून बघा. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर तोल जाऊन बाहेरची कडा थरथरते. बोटांचे ठसे असले तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका, आणि पुन्हा स्कॅन करा.

तुलना करायची तर ड्राइव्ह आणि वेग तोच ठेवा. एकाच डिस्कचे दोन ड्राइव्हमधले आकडे दुपटीने वेगळे येऊ शकतात. म्हणून नवीन डिस्क राइट केली त्याच दिवशीचं स्कॅन साठवून ठेवा. दोन वर्षांनी त्याच्याशीच ताडून बघायचंय.

तक्रार एकच, पण मोठी: माहितीपुस्तिका फार तोकडी आहे. नवख्याला चाचण्यांच्या आद्याक्षरांवरून काही बोध होत नाही.

तपासणीचा ड्राइव्ह मिळालाच नाही तर डीव्हीडिझास्टर हा दुसरा प्रोग्राम वापरा. ते कुठल्याही ड्राइव्हवर वाचनाचा वेग काढतं. 16 पटींच्या ड्राइव्हवर रेघ साडेसहा-सात पटींपासून सलग चढत जायला हवी. जिथे खड्डा पडतो तिथे ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचत असतो. अशा डिस्कची इमेज (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) लगेच काढा, तिची सुमारे 15 टक्के आकाराची ईसीसी (दुरुस्तीची) फाइल बनवा आणि दोन्ही हार्डडिस्कवर ठेवा.