निवासी कॅम्पस: काही महिने राहिल्यावर

माहितीपत्रकात सगळ्यात मोठा फोटो विद्यार्थी केंद्राचा होता. इमारत खरोखर देखणी आहे. पण ती फाटकाजवळ, वसतिगृहं पार मागच्या टोकाला आणि वर्ग मध्ये. तिथे मुद्दाम उठून जावं लागतं. म्हणून कार्यक्रम असला की गर्दी, एरवी शुकशुकाट.

माझ्या बहुतेक मैत्रिणी मला जिन्यात मिळाल्या. आमच्या जुन्या वसतिगृहाला एकच रुंद जिना आहे. वळणावर मोठी खिडकी, खाली दोघी-तिघींना बसता येईल असा ओटा. येणारी-जाणारी प्रत्येक जण तिथूनच जाते. आधी नुसतं हसणं, मग ‘सबमिशन झालं का?’, मग तासभर गप्पा. आपणहून ओळख काढणं ज्यांना जड जातं, त्यांच्यासाठी अशी जागा फार मोलाची आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वेस्टगेट वसाहतीत विवाहित विद्यार्थी राहत. त्यांच्या मैत्रीवरचा मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी शेजारच्या दारी राहणाऱ्यांत मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. आणि एका मजल्यावर घरं होती जेमतेम पाच! जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी जास्त होत्या. हे वाचलं तेव्हा मला आमचा ओटाच दिसला.

नव्या वसतिगृहात सोयी उत्तम आहेत, खोल्याही मोठ्या. पण मध्ये लांबलचक कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं. तिथल्या मुली शिष्ट आहेत असं सर्रास बोललं जातं, ते मला अजिबात पटत नाही. रोज इतके अर्धवट ओळखीचे चेहरे समोर आले की माणूस दार लावून घेतोच. अँड्र्यू बॉम आणि ग्लेन डेव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असाच एक लांब कॉरिडॉर मधोमध विभागून तिथे बसायची जागा केली होती. राहणारे जवळपास तेवढेच, पण गट लहान झाले, गर्दीचा जाच कमी झाला आणि लोक एकमेकांत मिसळू लागले. आम्हीही प्रत्येक मजल्यावरच्या मधल्या दोन खोल्या बैठकीसाठी मोकळ्या करा, असा अर्ज दिला आहे.

वर्गांच्या इमारतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तास संपला की अरुंद बोळातून सगळे थेट बाहेर. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी बंगळूरच्या आयआयएममध्ये कॉरिडॉर रुंद, उजेडाचे आणि रेंगाळता येईल असे केले, ते याचसाठी. शिकवलेलं पचतं ते तास संपल्यानंतरच्या वादावादीत, आणि त्यासाठी उभं राहायला जागा लागते.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. ग्रंथालयाहून वसतिगृहाकडे येणाऱ्या रस्त्यावर रात्री पुरेसे दिवे नाहीत. त्यामुळे बऱ्याच मुली लवकर परततात आणि उशिरापर्यंत चालणारे अभ्यासगट जवळपास मुलांचेच उरतात. ओटे, बैठका सगळं नंतर. आधी हे दिवे लागायला हवेत.

नव्यानं येणाऱ्यांनी खोली निवडता येत असेल तर जुन्या इमारतीत जिन्याजवळची मागावी. परीक्षेच्या दिवसांत आवाजाचा त्रास होतो, पण तेवढ्यापुरतं ग्रंथालय आहेच.