मॅथवाला एक्स्प घ्यावा की नमपायवाला?

पायथॉनमध्ये ई चा (म्हणजे साधारण २.७१८ या आकड्याचा) एक्स हा घात काढायला हे दोघं, एक मॅथ मॉड्यूलमधला आणि दुसरा नमपाय लायब्ररीतला, हाताशी असतात आणि उत्तर जवळपास सारखंच देतात, त्यामुळे अचूकतेवरून निवडायला जाऊ नका. फक्त मॅथ.ई घेऊन पुढे दोन स्टार लावून घात काढणं टाळा, ई ची किंमत तिथे आधीच राउंड झालेली असते आणि एक्स मोठा झाला की तो फरक वाढत जातो.

वेगाचं म्हणाल तर एकेक आकडा असेल तर मॅथवाला चपळ, पण लाखभर आकड्यांची यादी, म्हणजे अ‍ॅरे असेल तर मॅथवाला तो घ्यायलाच तयार नाही, सरळ टाइप एरर, मग लूप लावत बसा. तिथे नमपायच हवं, वाद नाही.

माझं मत ठरलं ते ओव्हरफ्लोवरून. नेहमीच्या ६४ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकडा साठवायचा प्रकार) एक्स साधारण ७०९.७८ च्या वर गेला की उत्तर मावतच नाही (३२ बिटमध्ये तर ८८.७ च्या आसपासच संपलं). मॅथवाला तिथल्या तिथे ओव्हरफ्लो एरर देऊन थांबतो, ओळ नंबरासकट. नमपायवाला एक वॉर्निंग छापतो, इन्फ (म्हणजे अनंत) हातात देतो आणि पुढे चालू, आणि ती वॉर्निंगसुद्धा त्या ओळीसाठी सहसा एकदाच येते, लूप कितीही फिरू दे, लांबलचक लॉगमध्ये ती कुणाला दिसणार? माझ्या कोडमध्ये सिग्मॉइड नावाचं सूत्र होतं, वर ई चा घात आणि खाली एक अधिक तोच घात, म्हणजे इन्फ भागिले इन्फ, म्हणजे नॅन (आकडाच नसलेलं उत्तर), आणि तो नॅन दिसला पार शेवटच्या बेरजेत. तिथून एकेक स्टेप उलटी तपासत मागे यायला इतका वेळ गेला की तेव्हापासून एकट्या आकड्यासाठी मी मॅथवालाच वापरतो.

अर्थात उलट्या टोकाला दोघं सारखेच, उणे ८०० दिलं तर दोघंही काही न बोलता शून्य देतात, तिथे मॅथवाल्याचंही फार कौतुक नको.

तुमचं सगळं काम अ‍ॅरेवरच असेल तर कदाचित माझं म्हणणं तुम्हाला लागू होणार नाही, नमपाय घ्या, पण त्याच्या एररस्टेटमध्ये (चुकांचं काय करायचं ते ठरवायची सोय) ओव्हरला रेज लावून घ्या, म्हणजे ओव्हरफ्लो झाला की एरर दे असं सांगा, मग तोही वेळेवर थांबतो. ते लावायचं लक्षात ठेवावं लागतं एवढंच, मॅथवाल्यात ते आपोआप होतं.