एक रुपयाची ‘पडताळणी’, ४३,४९९ रुपये गेले

आधीच सांगते, अनोळखी वायफाय मी निवडलं नव्हतं. भर चौकात मोबाईलचं नेट रखडलं होतं, तिकीट काढायची घाई होती, आणि चौकातल्या मोफत वायफायला फोन आपणहून जोडला गेला. पूर्वी एकदा वापरलेलं, म्हणून ते नाव फोनमध्ये होतंच. तेच नाव कोणीही आपल्या यंत्राला देऊ शकतो आणि उघड्या वायफायचं फोन फक्त नाव बघतो, हे मला कोणी सांगितलं होतं?

वायफाय जोडल्यावर उघडणाऱ्या, नेहमी फक्त मोबाईल नंबर विचारणाऱ्या पानाने या वेळी कार्ड मागितलं. ‘पडताळणीसाठी १ रुपया, लगेच परत.’ वर कुलूपाचं चिन्हही होतं. पानाचा पत्ताच चोराचा असेल तर कुलूपही त्याचंच, हे आता कळतंय. शिवाय वेग सुसाट! अशा गर्दीत खरं वायफाय रडतखडत चालतं; वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि फोन शेकडो. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

पण खरी जखम वेगळीच आहे. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिली होती: २४,९९९. मी सहा आकडे तेवढे पाहिले. ‘ओटीपी चुकला, पुन्हा टाका’ म्हणून दुसरा मागितला, तोही दिला. १८,५००. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, रोज वाचते. ओटीपीचा मेसेज अख्खा वाचा हो, आधी रक्कम, मग आकडे!

बँकेत ४० मिनिटं फोन धरून ठेवल्यावर उत्तर काय, तर ‘ओटीपी तुम्हीच दिलात.’ दिला, पण १ रुपयासाठी दिला! पोलीस ठाण्यात म्हणाले, घटना चौकातली, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे गेले तर म्हणे, खातं जिथे आहे तिथे जा. दोन्हीकडे अर्ज लिहायला लावला, पोच एकानेही दिली नाही. वायफाय चालवणारे म्हणतात, ते यंत्र आमचं नव्हतंच. मग तुमच्या नावाने तुमच्याच चौकात कोण बसतं, हे बघायचं कोणी? खांबावर नावाची पाटी लावता, तिथेच ‘आम्ही कार्ड मागत नाही’ एवढी ओळ लिहायला काय जातं?

फोनमधली जुनी वायफाय नावं आजच पुसा. आपोआप जोडणं बंद ठेवा. पैशांचा व्यवहार मोबाईलच्या नेटवरच करा, कितीही रखडू दे. आणि पैसे गेलेच तर आधी कार्ड बंद करा, मग रडा; मी आधी तिकीट शोधत बसले.