पोस्ट मोजायच्या का माणसांजवळ बसायचं? सोलापुरात सोशल मीडियावर डिझर्टेशन करणाऱ्यांसाठी

आमच्या पेपरच्या डेस्कवर यंदा एक ट्रेनी मुलगी आलीय, एम ए मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा चहा पिता पिता तिनं विचारलं, दादा, विषय सोशल मीडियाच घेतलाय पण करू कसं, फेसबुक-यूट्यूबच्या पोस्ट गोळा करून मोजू का लोकांत जाऊन बसू? तेव्हा पान सोडायची वेळ झाली होती त्यामुळं मी काहीतरी अर्धवट बोललो. आता निवांत लिहितोय, कारण हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि चुकीचा रस्ता धरला की काय होतं ते मी स्वतः भोगलेलं आहे.

आधी एक, शीर्षकात 'प्रभाव' शब्द घालू नका. 'सोशल मीडियाचा तरुणांवरील प्रभाव' असल्या नावाचे प्रबंध कपाटं भरून पडलेत आणि त्यातला प्रभाव कुणालाच मोजता आलेला नाही. निक कुल्ड्री नावाच्या अभ्यासकानं २००४ ला सरळ मुद्दा मांडला होता की माध्यम लोकांचं काय करतं हे जरा बाजूला ठेवा, लोक माध्यम घेऊन काय काय करतात ते बघा. अर्जुन अप्पादुराई आणि कॅरल ब्रेकेनरिज यांनी १९८८ ला पब्लिक कल्चर नावाचं नियतकालिक काढलं त्यातही असाच विचार होता, की सिनेमा, क्रिकेट, जाहिरात, जत्रा, म्यूझियम या सगळ्यांतून मिळून चार लोकांतलं जगणं घडतं. आपल्याकडं बघायचं तर चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस ही एकाच घरातली भावंडं आहेत, डिझाइन पण एकच, फ्लेक्सवाला जेपीजी पाठवतो तीच स्टेटसला लागते. आता हे मोजून कळतं का बसून कळतं, एवढाच प्रश्न आहे.

मोजायचं आधी घेतो, कारण मी तेच केलं होतं.

मोजण्यात आकर्षण काय, तर घरबसल्या होतं. नोकरी करून शिकणाऱ्याला, अनोळखी माणसाशी बोलायला लाजणाऱ्याला, चार महिन्यात हातावेगळं करायचंय अशाला हे बरं वाटतं, व्हायव्हात आकडे दाखवले की समोरचे पण जरा शांत बसतात. मी शहरातल्या दोन फेसबुक पेजच्या ३०० पोस्ट धरल्या होत्या, बातमी किती, जाहिरात किती, शुभेच्छा किती, राजकारण किती असे कप्पे केले आणि एक्सेलमधी नुसत्या लिंका चिकटवत गेलो. स्क्रीनशॉट काढायचं सुचलंच नाही. तिसऱ्या महिन्यात त्यातल्या एका पेजचं नाव बदललं, जुन्या पोस्ट उडाल्या आणि तिथं कुठल्यातरी साहेबांचा फोटो आला, बहुतेक पेजच विकलं गेलं असणार. दीडशेच्या आसपास लिंका मेल्या माझ्या. तेव्हा रडू आलं होतं, आता वाटतं की खरा विषय तोच होता, एखादं 'आपलं शहर' टाइप पेज तयार कसं होतं, फॉलोअर जमले की कुणाच्या हातात जातं आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याचं काय होतं. पण माझ्या कप्प्यांत 'पेज विकलं' असा कप्पाच नव्हता ना.

शिवाय मोजायची साधनं दिवसेंदिवस कमी होत चाललीत. फेसबुक बघायला अभ्यासक आणि पत्रकार क्राउडटँगल नावाचं साधन वापरायचे, ते मेटानं १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं आणि त्याच्या जागी जे आलं त्याला रीतसर अर्ज करून मंजुरीची वाट बघावी लागते, एम ए च्या पोरानं त्या नादाला लागू नये. ट्विटरचा फुकट डेटा २०२३ लाच गेला. व्हॉट्सॲपचं तर बोलूच नका, २०१६ पासून सगळं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, बाहेरून काही दिसायचा प्रश्नच नाही. राहता राहिलं यूट्यूब. तिथं मात्र अजून चांगलं आहे, एपीआयचा (म्हणजे प्रोग्रामनं डेटा मागवायची सोय) रोजचा १०,००० युनिटचा कोटा फुकट मिळतो आणि एका युनिटात १०० पर्यंत कमेंट येतात, कोडिंग येत नसेल तर यूट्यूब डेटा टूल्स म्हणून एक फुकट वेबसाइट आहे तिच्यावर व्हिडिओचा आयडी टाकला की कमेंटची फाइल हातात. म्हणजे मोजायचंच ठरलं असेल तर लोकल यूट्यूब चॅनल धरा, पहिल्याच दिवशी सगळं उतरवून ठेवा आणि शंभरातल्या दहा-पंधरा कमेंट दुसऱ्या कुणाकडून तरी परत कप्प्यात टाकून घ्या, तुमचं आणि त्याचं किती जुळतं ते बघा. आपल्याला जो टोमणा वाटतो तो दुसऱ्याला कौतुक वाटतो, हे तेव्हाच कळतं.

आणि सोलापुरात एक वेगळीच गंमत आहे ती म्हणजे भाषा. एका व्हिडिओखाली मराठी, इंग्रजी लिपीतली मराठी, देवनागरीतली तेलुगू, कानडी, दखनी, सगळं एकाच धाग्यात. 'भारी की बे' हे शाबासकी आहे का शिवी, ते बोलणारा कोण आणि कुणाला बोलतोय त्यावर ठरतं, सॉफ्टवेअरला ते कसं कळणार. पुण्यात बसलेल्या अभ्यासकाला पण कळत नाही. तुम्हाला कळतं. ही तुमची जमेची बाजू आहे आणि मोजायच्या पद्धतीत नेमकी तीच वाया जाते.

आता दुसरी बाजू, बसायचं.

डॅनियल मिलर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या प्रकल्पात नऊ जणांनी जगातल्या नऊ ठिकाणी प्रत्येकी १५ महिने राहून लोक सोशल मीडियावर काय टाकतात आणि का टाकतात ते बघितलं, त्यातलं एक ठिकाण आपल्या तमिळनाडूतलं होतं. तुमच्याकडं १५ महिने नाहीत, १५ आठवडे असतील नसतील. पण तुम्हाला गाव ओळखायला वर्ष घालवायचं नाही, तुम्ही गावचेच आहात.

उदाहरण देतो. पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्यांच्या एका गल्लीत आमच्या ओळखीचं घर आहे, तिथं मी बातमीच्या निमित्तानं दोन-तीनदा सकाळी जाऊन बसलो होतो. पाणी तेव्हा चार-पाच दिवसाआड. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मेसेज म्हणजे 'आज चावी ६ ला'. बस, एवढाच. चावीवाला, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा, स्वतः ग्रुपमधी नाही, त्याचा फोन एकाला येतो आणि तो टाकतो. मग कुणीतरी व्हॉइस नोट सोडतं, 'नीळ्ळु वच्चाया?', तेलुगूत पाणी आलं का म्हणून, त्याच्यावर दोन अंगठे आणि एक रडका चेहरा. घरातली आजी विड्या वळते, तिला वाचता येत नाही, ती व्हॉइस नोट ऐकते पण फोन तिचा नाही, पोराचा आहे आणि पोरगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेला. मग तो कारखान्यातून सुनेला कॉल करतो, पाणी सुटायलंय बघ म्हणून, आणि सून दारात येऊन मोठ्यानं सांगते आणि तिचा आवाज ऐकून शेजारच्या दोन घरातल्या बायका हंडे, ड्रम, मोटर घेऊन पळतात, ज्या ग्रुपमधी नाहीतच.

आता सांगा यातला सोशल मीडिया कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो. ग्रुपची चॅट एक्स्पोर्ट करून मोजलीत तर तीन मेसेज, दोन अंगठे. आजी, फोन घेऊन गेलेला पोरगा, दारातली हाळी, हे त्या फाइलमधी कुठंच नाही. आणि त्याच ग्रुपवर एरवी कोण असतं? वॉर्डातला इच्छुक. २०२२ ला महापालिकेत प्रशासक आला, २०२६ च्या निवडणुकीपर्यंत हक्कानं ओरडायला नगरसेवक नव्हता, त्या काळात माझ्या बघण्यात असे ग्रुप लै वाढले आणि ॲडमिन बहुतेक ठिकाणी कुणीतरी उभं राहणाराच, टँकर पाठवला की टँकरसोबत फोटो. तक्रार करायची जागा, चावडी आणि प्रचार, तिन्ही एकाच ग्रुपात.

पण बसण्यात त्रास आहेत, ते लपवत नाही. एक तर परवानगी. ॲडमिन हो म्हणाला म्हणजे दोनशे माणसं हो म्हणाली असं होत नाही. ग्रुपमधी गप बसून स्क्रीनशॉट काढणं हा अभ्यास नाही, चहाडी आहे. मी अमुक, मी हे लिहिणार, नाव-नंबर येणार नाही, नको असेल तर सांगा, असं आधी टाकायचं आणि नंतर परत एकदा टाकायचं, कारण पहिलं कुणी वाचत नाही. ॲडमिन राजकारणी असेल तर तो तुम्हाला वापरायला बघणार, आमच्या ग्रुपवर कॉलेजवाले रिसर्च करालेत म्हणून पोस्ट टाकणार. दुसरं, मुलींना सकाळी सहाला अनोळखी गल्लीत जाणं आणि मुलांना बायकांच्या घोळक्यात जाऊन बसणं, दोन्ही अवघड, ओळखीचं एक घर लागतंच. तिसरं म्हणजे वहीत इतकं काही जमतं की लिहायचं काय हेच कळत नाही. रोज रात्री अर्धा तास टिपण पक्कं करायचं, आठवड्यावर टाकलं की गेलं.

तिसरा पण पर्याय आहे, पेपरच्या ऑफिसात किंवा यूट्यूब चॅनलवाल्यासोबत फिरायचं. हा लवकर सांगतो कारण सगळ्यांना जमण्यातला नाही, आत घेणारा माणूस पाहिजे. पण विषय म्हणून भारी आहे. पोलिसांची प्रेसनोट ग्रुपवर येते, माहिती कार्यालयाची येते, एकच मजकूर पाच पेपरात दोन शब्द फिरवून लागतो, बाईट घ्यायला एकजण गेला तरी चालतं, बाकीचे त्याच्याकडून मागून घेतात. २०२१ च्या आयटी नियमांनी डिजिटल बातमीदारांना आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची रचना लावली, ती गल्लीतल्या चॅनलवाल्याला कितपत माहितीय, हा एकटा प्रश्न पण प्रबंधाला पुरेल. आमची ट्रेनी इथं बसतेच म्हणून तिला सोपं पडलं असतं, पण मीच नको म्हणालो. जिथं सर्टिफिकेट मिळायचंय तिथल्या लोकांबद्दल माणूस मोकळं लिहीत नाही.

दोन्ही पद्धती एकाच गोष्टीवर लावून बघायच्या असतील तर आपल्याच जिल्ह्यातली घ्या. जून २०२२, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी फोनवर बोलतात, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. खासगी कॉल, नुसता आवाज, फोटो नाही काही नाही. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरली, तिथनं टीव्हीनं उचलली, मग गाणी आली, मीम आले. मोजणारा तुम्हाला सांगेल की कुठल्या दिवशी किती व्हिडिओ पडले, टीव्ही आधी का यूट्यूब आधी, आणि हे सांगणं सोपं नाही, ते कामाचंच आहे, कारण टीव्हीवाले नेहमी असं दाखवतात की जणू त्यांनीच शोधलं. पण मुंबई-पुण्याचा माणूस कशाला हसत होता आणि सांगोल्याचा कशाला? तिकडं बोलीला हसत होते. इकडं बरेच जण म्हणायचे, बघ की, आपल्यासारखंच बोलतोय गडी. हसू तेच, इमोजी तेच, अर्थ दोन. तुमच्या एक्सेलमधी दोन्ही एकाच कप्प्यात जाऊन पडणार.

तर माझं मत कुठं झुकलंय ते कळालंच असेल. सोलापुरात राहता, भाषा येते, ओळखीचं एक घर आहे आणि सकाळी उठायची तयारी आहे, तर बसा, मोजू नका. एकच ग्रुप, एकच प्रश्न, उदाहरणार्थ पाण्याचा निरोप कुणाकुणाच्या हातातून जातो. आठ तासाची नोकरी आहे, सकाळ मोकळी नाही, तर यूट्यूबच्या कमेंट मोजा, पण पाच-सहा कमेंट करणाऱ्यांशी फोनवर का होईना बोला, नाहीतर ते नुसतं वाणसामानाचं बिल होतं. अर्धं हे अर्धं ते करतो म्हणणाऱ्यांचं मी तरी दोन्हीकडचं अर्धवटच राहिलेलं बघितलंय. पीएचडीला करा तसलं.

ट्रेनीनं पाण्याचा ग्रुप घेतलाय. तिला म्हणलं, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होऊ दे, अक्षता सोहळ्याच्या दिवसात ग्रुपवर नंदीध्वजांचे फोटो आणि लाइव्हच्या लिंका सोडून दुसरं काही सापडणार नाही. घर आत्ताच बघून ठेव, ओळख वाढव, आणि खरं बसणं मार्चपासून कर. उन्हाळ्यात उजनी धरणातला वापरायचा साठा संपून ते मायनसमधी गेलं, दोन दिवस पाणी लांबलं की एरवी नुसते अंगठे देणारे पण व्हॉइस नोट सोडायला लागतात. ती म्हणाली, दादा, सबमिशन एप्रिलमधी आहे. म्हणलं मग फेब्रुवारीत बस, आणि तुमच्या घरी पाणी कधी येतं ते आधी बघून घे, दोन्हीकडं एकाच सकाळी आलं तर आई तुला सोडायची नाही.