८×४२ दुर्बीण : एक पावसाळा, एक हिवाळा वापरल्यावर

नवी मुंबईत दुर्बीण घेतली म्हटलं की समोरचा विचारतो, "ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला का?" मी घेतली जुन्या इमारती बघायला. नेरूळहून हार्बरनं सीएसएमटी, तिथून पायी काळा घोडा आणि गेटवे. काचा, वजन वगैरे सगळं खोक्यावर आहेच. मला बोलायचंय ते सीलबद्दल.

खोक्यावर ठळक छापलंय : वॉटरप्रूफ, आत नायट्रोजन. म्हणजे कोरडा वायू भरून सांधे बंद केलेले, बाष्प आत शिरायलाच नको. ऑगस्टमध्ये गेटवेपाशी ताजचा घुमट बघत होते. सर आली, काच गार पडली आणि डाव्या नळीत आतून धुकं! ठाण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरात नेली, तर उत्तर : "मॅडम, ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही." अहो, मग वॉटरप्रूफचे जास्तीचे पैसे कशाचे घेतलेत? पावसाळ्यात कोरडी राहील म्हणूनच स्वस्तातली सोडून ही घेतली ना? त्याच रात्री हा रिव्ह्यू एका स्टारवर लिहायला घेतला होता.

मग बिल आणि खोक्याचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार केली. पाठपुरावा करावा लागला, पण नवा नग मिळाला, आणि मत बदललं.

कारण सील धड असलं की ही दुर्बीण फार सुख देते. सीएसएमटीच्या घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती, तिच्या हातातली मशाल, दुसऱ्या हाताशी चाक! कित्येक वर्षं त्या स्टेशनात उतरतेय, हे कधी दिसलंच नव्हतं. ताज १९०३ साली सुरू झालं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मांडव्याच्या बोटीतून कोपऱ्यांवरचे छोटे घुमट एकेक करून बघा. बोट हलते, म्हणून १० पट मोठं दाखवणारी घेऊ नका. ८ पटच हातात स्थिर राहते, आणि ४२ मिमीच्या भिंगामुळे तिन्हीसांजेलाही नक्षी दिसते.

सर्वांत जास्त वेळ मात्र काळा घोड्याजवळच्या जुन्या वॉटसन हॉटेलसमोर जातो. १८६० च्या दशकात बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग इंग्लंडात ओतून जहाजानं आणले आणि इथे जोडले. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं इथेच दाखवली गेली. आता त्या इमारतीची दशा बघून जीव तुटतो. फुटपाथवरून दुर्बीण लावली की बीडाचे खांब, कठडे इतके जवळ येतात की बघवत नाही, आणि नजर हटवतही नाही.

चार स्टार. पाचवा त्या काउंटरवरच्या उत्तरासाठी कापला. घेणाऱ्यांनी परतीची मुदत संपायच्या आत ती थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर वरून बाष्प धरेल, ते पुसा. आतल्या बाजूला धुकं दिसलं, तर सर्व्हिस सेंटरच्या वाटेला न जाता दुकानदारालाच परत करा.